बुटातलं पीठ

साहेब, तुम्हाला माहीत होतं. आडवळणं घ्यायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. त्या जुन्या कपड्यांत आणि जोड्यांत काय भरून ठेवलंय ते तुम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून तुम्ही माझ्या वहिनीला त्यातला दोरा तोंडात धरू दिलात. धरू दिलात हे सुद्धा मी सभ्यपणे म्हणतोय. धरायला लावलात.

तुम्हाला हे सगळं पाठ आहे, हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना नाही. त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. तुम्हीही बसा. मधेच घड्याळ बघून उठायची तुमची खोड मला ठाऊक आहे.

आमचं संग्रहालय म्हणजे जगभरच्या माणसांनी अंगावर काय घातलं आणि पायांत काय चढवलं त्याचं कोठार. वर काचेची कपाटं, खाली तळघर. पूर्वी कुणी देशोदेशी हिंडून, काही विकत घेऊन, काही मागून, काही न विचारता उचलून इथे आणून टाकलेलं. जपानातल्या, दोन आडव्या पट्ट्यांवर उभ्या असलेल्या लाकडी चपला. हमामातल्या ओल्या फरशीवर पाय भिजू नयेत म्हणून केलेल्या, शिंपल्याच्या जडावाच्या उंच खडावा. डोंगरात राहणाऱ्यांचे, मधोमध डोकं घालायला चीर ठेवलेले लोकरी पोंचो. लहानपणीच पाय बांधून आखूड केलेल्या चिनी बायकांचे रेशमी बूट, एका तळहातावर दोन्ही मावतील एवढे. ते पहिल्यांदा हातात आले तेव्हा वहिनी बराच वेळ बोलली नाही, आणि ती गप्प बसली की आम्ही कुणी मेलंबिलं की काय असं विचारायचो. मग म्हणाली, "भावोजी, हिचे पाय हिच्या आईनेच बांधले असतील ना? म्हणाली असेल, सोस गं थोडं, चांगलं स्थळ मिळेल."

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. संग्रहालयात सगळे तिला रफूवाली म्हणत. तळघराला लागून असलेल्या खोलीत तिचं टेबल. खोलीला खिडकी एकच, तीही छताला चिकटलेली, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून माणसं दिसायची नाहीत, फक्त पाय दिसायचे. वहिनी सुई चालवता चालवता त्या पायांची पत्रिका मांडायची. हा टाचा घासत चाललाय, ह्याला घरी जायचं नाहीये. ही नव्या सँडलवर ऐटीत निघालीय, कोपऱ्यावर गेली की काढून हातात घेणार. एकदा तुमचे बूट गेले, साहेब. चकचकीत, काळे. ती म्हणाली, ह्या बुटांना कधी चिखल लागलेला मी पाहिला नाही, म्हणजे चिखलात कुणीतरी दुसरं उतरत असणार. आम्ही हसलो. तेव्हा हसू यायचं.

तिथं मला चिकटवलं तिनेच. मी सुतार. दुकानांच्या फळ्या ठोकत फिरायचो. तिने तुम्हाला सांगितलं, माझे दीर लाकडाचे पाय करतात. मी आयुष्यात लाकडाचा पाय केला नव्हता. तिने घरी येऊन मला सांगितलं, "सोमवारपर्यंत शिका." मी शिकलो. जुना जोडा आत पोकळ राहिला तर बसतो, चुरगळतो, म्हणून त्याच्या मापाचा लाकडी फर्मा आत घालावा लागतो. फर्मे करता करता माझं नाव पायवाला पडलं. नंतर कपाटंही मीच करायला लागलो.

आणि पीठ. ज्याच्यासाठी एवढं लिहितोय ते पीठ. कुठलाही जुना कपडा उलगडा, घडीतून बारीक पांढरी भुकटी पडायची. जोड्यांच्या शिवणीत बसलेली, अस्तराच्या केसांत अडकलेली. आमच्या आधीची माणसं त्याला पीठ म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. संध्याकाळी वहिनी टेबल झटकायची आणि म्हणायची, आज दळण बरंच पडलं. फुंकर मारून उडवायची. मी तिला एकदा म्हणालो, अगं तोंडात जाईल. ती म्हणाली, घरी तुमच्या भावाची बोलणी खाते, ती पचतात, हे काय पचणार नाही.

तिने तुम्हाला विचारलं होतं, बरं का. पहिल्याच वर्षी. हे पांढरं काय आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, जुन्या वस्तू आहेत, धूळ असायचीच. हे म्हणताना तुमच्या हातात पांढरे हातमोजे होते. आम्हाला वाटायचं ते कापडासाठी आहेत. तुम्हीच सांगितलं होतं तसं, की माणसाच्या हाताचा घाम कापडाला मारतो. मग रफूवालीलाही द्या की, असं मी म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, मोजे घालून सुई ओवता येईल का? आता सुई ओवता येत नाही हे खरंच. आम्ही माना डोलावल्या. एवढी साधी गोष्ट आणि साहेबांनी केवढी पटवून दिली.

आता त्या बुटांकडे येतो.

तुमच्या डोक्यात मोठं प्रदर्शन शिजत होतं. जगभरची पादत्राणं, परदेशी पाहुणे, उद्घाटन, फोटो. त्यात मानाची जागा होती बर्फाळ मुलखातल्या बुटांच्या जोडीला. सीलच्या कातड्याचे, आतून केसाळ, गुडघ्यापर्यंत उंच. पाण्यात उभं राहिलं तरी टाका पाणी आत घेत नाही अशी शिवण. पण आता ती शिवण जागोजाग उसवली होती. दोरा होता हरणाच्या पाठीतल्या शिरेचा. शीर वाळवायची, तिचे धागे सोलायचे, त्यांनी शिवायचं. वहिनीने मेणाचा भक्कम दोरा काढला आणि कामाला बसली, तेवढ्यात तुमचा हुकूम आला. नवा दोरा चालणार नाही. बुटातला मूळचा दोराच काढा आणि मूळच्या भोकांतूनच परत घाला. पाहुणे बारकाईने बघणारे आहेत, नव्या दोऱ्याचा एक टाका दिसला तरी आपली शोभा होईल.

मूळचा दोरा म्हणजे वाळलेल्या गवताची काडी. वाकवला की कट्कन तुटायचा. वहिनीने ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिला, तो फुगला आणि भोकात जाईना. वाफ देऊन पाहिली, त्याचा पीळ सुटून वेटोळं झालं. ती तुमच्याकडे आली, म्हणाली साहेब, हा ऐकत नाही. तुम्ही म्हणालात, काहीतरी मार्ग काढा, तुमच्या हातात जादू आहे.

त्या जादूला भुलली ती. कौतुकाला भुलतो माणूस. ज्याला घरात आणि दारात कुणी कधी बरं म्हणत नाही तो जास्तच भुलतो. तिने दोरा तोंडात धरला. सगळ्या शिवणाऱ्या बायका धागा ओठांत धरतात, टोक ओलं करून सुईत घालतात, काम झालं की दातांनी तोडतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही आणि सांगून थांबतही नाहीत. फक्त इथे टोक ओलं करून भागेना. अख्खा दोरा गालात धरायचा, घोळवायचा, त्याचा ताठा गेला की बोटांनी खेचत खेचत भोकातून न्यायचा, तो वाळायच्या आत. थुंकीने तो नेमका हवा तेवढा नरम पडायचा. तिचा आनंद गगनात मावेना. मला हाक मारून दाखवलं.

तुम्ही खाली आलात. बघितलंत. दारात उभे राहून बराच वेळ बघितलंत, हे मी विसरलो नाही, कारण मी तिथेच उजव्या पायाचा फर्मा घासत होतो. तिच्या गालात दोरा, टेबलावर पीठ, ओठांच्या कडेला पीठ. तेव्हा एक शब्द बोलायचा होता. थुंका, एवढाच. त्याऐवजी तुम्ही गोष्ट सांगितलीत. म्हणालात, ह्या बुटांच्या मुलखातल्या बायका असंच करायच्या. कातडं दातांनी चावून चावून मऊ करायच्या, म्हाताऱ्या होईपर्यंत त्यांचे दात झिजून हिरड्यांना लागायचे. तुम्ही अगदी त्यांच्यासारख्याच दिसता.

वहिनीने दोरा गालातून काढला आणि म्हणाली, म्हणजे नवऱ्याचे बूट चावायचे? मी नवऱ्याचं नुसतं डोकं खाते तर सासरचे नावं ठेवतात. तुम्हीसुद्धा हसलात. आणि दुसऱ्या दिवशी फोटोवाला घेऊन आलात. तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल, प्रदर्शनाच्या दारातच लावला होता, पुरुषभर उंच. वहिनी ओठांच्या कोपऱ्यात दोरा धरून हसतेय, मागे तुम्ही. खाली लिहिलं होतं, परंपरा आजही जिवंत आहे.

पुढे काय झालं ते मी बघत होतो आणि मला कळत नव्हतं. आधी तिच्या तोंडाची चव गेली. म्हणायची, जिभेवर कुणी लोखंडी खिळा ठेवून दिलाय. घरात भांडण, दादा म्हणायचा भाजी खारट, ती म्हणायची मला तर काहीच लागत नाही, तुम्हीच टाका मीठ. मग हिरड्यांतून रक्त. मग तळहातांची कातडी जाड व्हायला लागली, घोरपडीसारखी. ती हसून दाखवायची, बघा भावोजी, मलाच सीलचं कातडं फुटायला लागलं. डॉक्टरकडे चल म्हटलं की दुसरा बूट होऊ दे. दुसरा बूट झाल्यावर उद्घाटन होऊ दे.

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं कामावरून घरी निघालो होतो. मी चार पावलं पुढे. घराच्या दारात आलो, मागे वळून बघतो तर तिचा उजवा पाय अनवाणी. चप्पल कुठाय, विचारलं. तिने खाली पाहिलं आणि तिचं तोंड असं झालं की मी ते कुणाला सांगू शकणार नाही. तिला माहीतच नव्हतं. आम्ही उलट चालत गेलो. चप्पल पार मंडईच्या कोपऱ्यावर पडली होती. तिथून घरापर्यंत ती खडी तुडवत आली होती, टाचेत काच घुसली होती, रक्ताचे ठिपके रस्ताभर, आणि तिला काही जाणवलं नव्हतं.

दादाने तिला दवाखान्यात नेलं. दादा गाडी चालवतो, दिवसभर लोकांशी बोलून घरी मुका होतो. तिथे डॉक्टरीणबाईंनी पायांच्या बोटांना सुई टोचली, विचारलं, टोचतंय? वहिनी म्हणाली, टोचा की. बाई म्हणाल्या, टोचून झालं.

मग त्यांनी कामाचं विचारलं. वहिनीने सांगितलं रफू, जुने कपडे, जोडे. तोंडात काही घालता का? पान, तंबाखू?

"दोरा," वहिनी म्हणाली.

बाईंचं लिहिणं थांबलं. त्यांनी सगळं परत विचारलं, सावकाश. दोरा कसला, किती जुना, त्याला काय लागलेलं असायचं. पिठाचं सांगितल्यावर त्यांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, पूर्वी असल्या वस्तूंना कसर लागू नये म्हणून त्यांच्यावर विष टाकत. एकच नाही, तऱ्हेतऱ्हेची. त्यातलं कुठलं ते कळल्याशिवाय मला नेमकं औषध देता येत नाही, एकावरचं औषध दुसऱ्यात घात करतं. रक्तात बघितलं, पण त्यात आता हाती काही लागेल असं दिसत नाही, जे आहे ते नसांत जाऊन बसलंय आणि अजून वर चढतंय. मला नाव आणून द्या. संग्रहालयाला माहीत असणार.

नाव आणून द्या. एवढंच काम होतं. मी तडक तुमच्याकडे आलो. आठवतं? तुम्ही मला बसा म्हणालात, त्याआधी कधी म्हणाला नव्हता. मी सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलं, मान हलवलीत, वाईट वाटलं म्हणालात. मग म्हणालात, हे सगळं आपल्या सगळ्यांच्या जन्माआधीचं, तेव्हाच्या लोकांनी काय टाकलं ते आज कोण सांगणार? मी म्हणालो, तुम्ही सांगणार. तुम्ही म्हणालात, तुमच्या वहिनींना आधीपासून अशक्तपणा होता असं ऐकलंय. कुणाकडून ऐकलंत, साहेब? ती दोन बादल्या पाणी हातात घेऊन तीन जिने चढायची.

मी म्हटलं ठीक आहे, तुम्ही सांगू नका, मी पीठच नेतो डॉक्टरीणबाईंना. खाली गेलो तर रफूच्या खोलीला कुलूप. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरची माणसं आली. पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली, तोंडाला नळीचे मुखवटे. आत जाऊन दिवसभर खोली धुतली, टेबल नेलं, वहिनीचा एप्रन नेला, तिची सुयांची उशीसुद्धा नेली. मी जमादाराला विचारलं, हे काय चाललंय. आमचा जमादार, आडनाव मिशाळ, मनाने चांगला, नोकरीला घाबरलेला. म्हणाला, वाळवी लागलीय म्हणे. वाळवीला एवढं घाबरतात, आणि मी तिथे बसून डबा खायचो.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः विचारणा केली. तुमचं उत्तर आलं की सदर महिलेचा आजार आणि तिचं काम यांचा संबंध आढळत नाही. आणि त्याच वेळी दारात तिचा फोटो, तोंडात दोरा.

तळघरालाही कुलूप होतं, माझा हात पोचेल असं पीठ आता फक्त एकाच ठिकाणी उरलं होतं. बुटांच्या आत, अस्तरात. आणि ते बूट ज्या कपाटात होते ते मी केलेलं होतं. त्याची मागची फळी कुठल्या स्क्रूवर आहे ते मला झोपेत सांगता येईल.

मी चोरासारखा गेलो नाही. भरदुपारी गेलो, प्रदर्शन उघडं असताना, कामाचे कपडे घालून. पेचकस, ब्रश, कोरा कागद. फळी काढली, डावा बूट बाहेर घेतला, माझा फर्मा आतून ओढून काढला आणि कागदावर बूट झटकला. पडलं. चिमूटभर पडलं. मिशाळ धावत आला. म्हणाला, पायवाले, काय करताय हे, मला हे बघायला का लावताय. मी म्हणालो, तू तिकडे तोंड कर. बिचारा खरंच तोंड करणार होता. पण तेवढ्यात तुम्ही आलात, बरोबर पाहुणे, आणि लोक जमायला लागले.

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही हळू बोललात, पाहुण्यांसमोर हसत. ठेवा तो बूट, त्याच्यात काही नाही, साधी धूळ आहे.

"धूळ ना?" मी म्हणालो. "मग मीही चावून बघतो."

आणि मी बूट तोंडाजवळ नेला. शिवण दातांत धरायला तोंड उघडलं.

"तोंडाला लावू नका," तुम्ही म्हणालात. केवढ्याने म्हणालात. अख्खं दालन थांबलं.

पुढे तुम्ही सगळीकडे सांगत फिरलात की अमूल्य वस्तूला दात लागतील म्हणून तुम्ही तसं म्हणालात. सांगा. पण तुमचा हात कुठे आला होता? बूट वाचवायचा असता तर माणूस बूट पकडतो. तुमचा हात माझ्या हनुवटीवर आला. तुम्ही माझं तोंड ढकललंत. बूट माझ्या हातातून खाली पडला, त्याच्याकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाही. त्या एका क्षणात तुम्ही माणूस होता, साहेब, आणि माणूस होता म्हणूनच सापडलात. मला मरू द्यायचं नव्हतं तुम्हाला. चांगली गोष्ट आहे. मग हीच घाई तुम्ही तळघराच्या दारात उभे होता तेव्हा कुठे गेली होती? का तिथे पाहुणे नव्हते?

तुमच्या डोळ्यांत मी पाहिलं आणि तुम्हाला कळलं की मी पाहिलं. मग तुम्ही परत साहेब झालात.

कागद काढून घेतला. संस्थेची मालमत्ता. मला ऑफिसात बसवलं, पोलीस आले. बूट झटकताना बाहीवर पांढरं उडालं होतं, मनात म्हटलं हे तरी जाईल माझ्याबरोबर, तर तुम्ही त्यांच्या कानात काही बोललात आणि माझा शर्ट पुराव्यासाठी म्हणून उतरवून घेतला. वर नळाखाली हातही धुवायला लावले. जगभरच्या कपड्यांनी भरलेल्या त्या इमारतीतून मी बनियनवर बाहेर पडलो. मिशाळने स्वतःचा रुमाल दिला, खांद्यावर टाकायला. नोकरी अर्थातच गेली. बूट दुसऱ्या दिवशी कपाटातून गेले. तिथे पाटी आहे, दुरुस्तीसाठी.

पोलीस ठाण्यात मी म्हणालो, तो शर्ट तपासायला पाठवा. तिथले साहेब म्हणाले, तुझ्यावर नासधुशीची तक्रार आहे, तू आम्हाला काम सांगू नकोस. तुम्ही मंडळी एकमेकांचे कोण लागता, कुठे शिकता हे बोलणं?

घरी दादा माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. दवाखान्यात रोज संध्याकाळी तो वहिनीचे पाय दाबत बसतो. परवा मी दारात उभा होतो. दादा दाबून दाबून थकला होता, हात त्याच्या मांडीवर पडले होते, नजर भिंतीवर. वहिनी डोळे मिटून होती. दादाने विचारलं, बरं वाटतंय का गं?

"हो," ती म्हणाली. "असंच दाबत राहा."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात उचलून तिच्या पायांवर ठेवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

आता तिच्या हातांतही शिरलंय. चमचा धरायला दोन हात लागतात. तिला तुमचा राग येत नाही, ह्याचा मला राग येतो. मी तिला कपाटाचं, बुटाचं, तुमच्या हाताचं सगळं सांगितलं, तर तिने आधी विचारलं, बूट पडला तेव्हा शिवण उसवली नाही ना? मी म्हणालो, नाही. तिचा चेहरा खुलला. मग बऱ्याच वेळाने ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ज्या बाईने तो पहिल्यांदा शिवला, ती निदान स्वच्छ कातडं चावत होती."

हे ऐकून मी बाहेर गेलो आणि जिन्यात बसलो. तिथेच मिशाळ भेटायला आलेला दिसला. त्याने खालच्या आवाजात सांगितलं की रफूची खोली परत उघडलीय. नवी मुलगी ठेवलीय, लग्न व्हायचंय तिचं. पोंचोंच्या घड्या उलगडून बसवलंय तिला. मी विचारलं, धागा कसा ओवते? त्याने दोन बोटं ओठांपाशी नेली. मग म्हणाला, सगळ्या बायका ओवतात तसाच.

त्या मुलीला मी रस्त्यावर गाठून सांगितलं. ती घाबरली, मला वेडा समजली, आणि त्यात तिचं काय चुकलं? तिला तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की एका माथेफिरू माणसाला कामावरून काढलंय, तो काहीबाही बोलेल.

तर साहेब, मी कुणाच्या माफीचा भुकेला नाही. वहिनीचा फोटो दारातून काढा असंही म्हणत नाही, राहू द्या, लोकांना दिसू दे. तुम्ही तुरुंगात जावं असं मला रोज वाटतं, पण आज ते मागत नाही, कारण त्याने तिच्या बोटांत काही परत येणार नाही. डॉक्टरीणबाई उद्या सकाळी फेरीला येतील. रोजच्यासारख्या माझ्याकडे बघतील. अजून हात वाचू शकतात म्हणतात त्या, पाय नाही, हात. त्यांना एक शब्द हवाय आणि तो तुमच्याजवळ आहे. तुम्ही माझं तोंड ढकललंत तेव्हा तो तुमच्या जिभेवर होता.

त्या पिठाचं नाव काय?